मधल्या मंडळातले दाजी

होणाऱ्या सासऱ्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, "नोकरी सरकारीच ना?"

"सरकारीच," तो म्हणाला.

"राज्य सरकारची?"

"नाही."

"मग केंद्राची."

"तशीही नाही."

सासरे राज्याच्या वीज कंपनीत लाइनमन म्हणून लागले होते आणि फोरमन होऊन निवृत्त झाले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. असली उत्तरं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"मग आहात तरी कोणाच्या हाताखाली?"

"कोणाच्याच नाही. आमचं मंडळ स्वायत्त आहे. आम्ही फक्त कायद्याला बांधलेले."

"बरं. मग पगार कायदा आणून देतो का घरी?"

आतल्या खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. ती हसणारी पुढे त्याची बायको झाली. अण्णांनी मात्र त्याच दिवशी त्याचं नाव ठेवून टाकलं. "विजेच्या जोडणीत एक तार अशी असते," ते घरच्यांना समजावत होते, "की तिला हात लावला तरी कोणाचं काही वाकडं होत नाही. न्यूट्रल. मुलगा तसा आहे. द्यायला हरकत नाही." तेव्हापासून सासरी तो न्यूट्रल झाला, मग शेजारी झाला आणि शेवटी ऑफिसातही झाला. न्यूट्रलमधूनही करंट परत जातो, तिला खुशाल हात लावू नये, हे सासऱ्यांना सांगावं असं त्याला अनेकदा वाटलं. पण सांगितलं असतं तर ते बोलणं न्यूट्रलला शोभलं नसतं.

या नोकरीत तो काही तत्त्वासाठी शिरला नव्हता. राज्याच्या परीक्षेत तो नापास झाला होता. केंद्राच्या मुलाखतीत त्याचं त-त-प-प झालं होतं. मधल्या मंडळाची जाहिरात कोणाला नीट कळलीच नव्हती, त्यामुळे अर्ज थोडे आले आणि त्याचा नंबर लागला. स्वायत्ततेविषयी त्याला ओढ वाटू लागली ती पहिला पगार झाल्यावर.

मंडळाचं काम सांगायला सोपं होतं. देशातल्या सगळ्या राज्यांच्या विजेच्या तारा एकमेकींना जोडलेल्या. कोणी वीज बनवायची, कोणी किती घ्यायची हे आदल्या दिवशी ठरायचं. पण ठरल्याप्रमाणे वागणार कोण? एखादं राज्य हळूच जास्त वीज ओढायचं. कंट्रोल रूमच्या भिंतीवर विजेच्या वारंवारतेचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा, एक भला मोठा आकडा होता, तो पन्नासच्या आसपास राहिला की सगळं आलबेल. ओढाताण वाढली की आकडा उतरायचा. फार उतरला तर वीजकेंद्रं स्वतःला वाचवायला आपण होऊन बंद पडतात, एकापाठोपाठ एक, आणि मग अर्धा देश अंधारात. ते होऊ नये म्हणून केंद्र आणि राज्यं यांच्या मध्ये एक मंडळ बसवलं होतं, आणि त्यात न्यूट्रलला बसवलं होतं. देशाची एवढी मोठी जबाबदारी आपल्यावर टाकणाऱ्यांनी आपल्याला आधी पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटे.

मंडळाची जमीन राज्याने दिलेली, इमारत केंद्राने बांधलेली. लिफ्ट कोणाची हे ठरलं नव्हतं, म्हणून ती बंद होती. पैसे दोघेही द्यायचे, त्यामुळे दोघांनाही वाटायचं की मंडळ आपलं चाकर आहे. राज्याच्या समारंभात न्यूट्रलला मागच्या रांगेत बसवत, कारण तो केंद्राचा. केंद्राच्या समारंभातही मागच्याच रांगेत, कारण तो राज्यातला. दोन्हीकडच्या मागच्या रांगेतले लोक एकच असतात हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यात एक हिशेब तपासणीवाले होते आणि एक निवडणूक कार्यालयातल्या बाई. ते तिघे आता एकमेकांना ओळखू लागले होते आणि भाषणं चालू असताना लिमलेटच्या गोळ्या वाटून खात.

लग्नानंतर काही वर्षांनी मेहुणाही वीज खात्यातच चिकटला. अर्थात राज्याच्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला राज्याची कंट्रोल रूम होती, तिथे तो बसे. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत दाजी आणि मेहुणा फोनवर एकमेकांशी बोलत, पण तो फोन रेकॉर्ड होणारा. त्यावर घरचं नातं दाखवायची सोय नव्हती.

"महोदय, आपण ठरल्यापेक्षा जास्त वीज घेत आहात."

"नोंद घेतली आहे, महोदय."

"कृपया भार कमी करावा."

"प्रयत्न चालू आहेत, महोदय."

आणि रात्री जेवताना तोच मेहुणा म्हणे, "दाजी, मीठ सरकवा. आणि दिवसाला किती वेळा फोन करता हो? दुसरं काम नाही का?"

"तू जास्त ओढतोस म्हणून करतो."

"मी ओढतो? लोक पंखे लावतात, मी काय करू?"

"तुमचं हे भारनियमन पानावर आणलंत तर उठून जाईन," बायको दोघांनाही सांगे. तिची स्वतःची बेकरी होती, ओव्हन विजेवर चालणारे. भाऊ वीज देणाऱ्यांकडे, नवरा वीज मोजणाऱ्यांकडे, आणि तरी कणीक भिजवताना लाइट जाते म्हणजे या दोघांच्या नोकऱ्यांचा उपयोग काय, हा तिचा प्रश्न होता.

त्या वर्षी उन्हाळा अंगावर आला होता. राज्यात निवडणुका तोंडावर. एक मिनिटही भारनियमन होणार नाही, असं राज्याच्या मंत्र्यांनी जाहीर सभेत सांगून टाकलं होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात राज्याच्या सगळ्यात मोठ्या वीजकेंद्रातला एक संच बिघडला. वीज कमी बनू लागली, पण शब्द दिलेला. मग राज्य सगळ्यांच्या सामाईक वाट्यातून ओढू लागलं.

एका दुपारी जेवणानंतर न्यूट्रल खुर्चीत टेकला आणि भिंतीवरच्या आकड्याकडे त्याचं लक्ष गेलं. आकडा उतरत होता. त्याने फोन उचलला.

"महोदय, पहिली सूचना. भार कमी करावा."

"नोंद घेतली आहे, महोदय," पलीकडून मेहुण्याचा आवाज आला. पण आवाजात रोजचा खोडकरपणा नव्हता.

आकडा उतरतच राहिला. शेजारच्या राज्यांचे फोन सुरू झाले. आमच्या वाट्याचं हे का खातायत, तुम्ही तिथे कशाला बसलात, आम्ही पण ओढायला सुरुवात करू का? न्यूट्रलने दुसरी सूचना दिली.

"वरिष्ठांना कळवलं आहे, महोदय."

"वरिष्ठ काय म्हणाले?"

"वरिष्ठांनीही नोंद घेतली आहे."

एवढ्यात केंद्राच्या मंत्रालयातून फोन आला. बोलणारे मोठे अधिकारी होते, आवाज मधाळ. "जरा दमानं घ्या," ते म्हणाले. "त्या राज्याशी सध्या आपले संबंध नाजूक आहेत."

"आपले म्हणजे कोणाचे, सर?"

"आपले म्हणजे आपले. कळलं ना?"

त्याला कळलं नव्हतं. पण हो म्हणायची सवय जुनी. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच राज्याच्या मंत्र्यांच्या सचिवाचा फोन. हे मधाळ नव्हते. "तुम्ही केंद्राचे हस्तक आहात हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या तारेला हात लावलात तर गाठ आमच्याशी आहे."

न्यूट्रलने रिसीव्हर ठेवला. आपण एकाच दुपारी दोन्हीकडचे हस्तक झालो, आणि तेही एकाच पगारात, हा विचार त्याला त्या परिस्थितीतही सुचला. हसू मात्र आलं नाही.

कायदा सरळ होता. तीन सूचना देऊनही राज्याने ऐकलं नाही आणि आकडा अमुक रेषेखाली गेला, तर मंडळाने स्वतः त्या राज्याची तार तोडावी. हा अधिकार मंडळ स्थापन झाल्यापासून कोणी वापरला नव्हता. परदेशी पाहुणे आले की साहेब त्यांना संगणकावरचं ते बटण लांबून दाखवत, एवढाच त्याचा उपयोग.

तिसरी सूचना देऊन त्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे मंडळाचे प्रमुख. ते त्या दिवशी दाढ काढायला गेले होते.

"साहेब, आकडा रेषेपाशी आलाय. राज्य ऐकत नाही. तार तोडू का?"

पलीकडून आवाज आला, "काऽऽ... का... क्व..."

"तोडू का साहेब? कर म्हणालात?"

"काऽऽफ..."

मग काहीतरी धातूचं भांडं पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

न्यूट्रल आकड्याकडे पाहत राहिला. समोर तो बटणाचा चौकोन. साहेब "कर" म्हणाले की "नको" म्हणाले? "नको" मध्ये "क" येतो, पण शेवटी येतो. साहेबांच्या बोलण्यात तो सुरुवातीला होता. पण भूल दिलेल्या तोंडात अक्षरं जागा बदलत असतील तर? देशाचं संघराज्य टिकणार की बुडणार हे एका हिरडीवर येऊन ठेपलं होतं, आणि त्याची पाचावर धारण बसली होती.

तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. आत मोबाइल आणायला बंदी होती, पण बेकरीत काही अडलं तर बायकोचा फोन यायचा म्हणून तो चोरून ठेवत असे. फोन मेहुण्याचा होता. तो उठून बाहेरच्या बोळात, पाण्याच्या कूलरपाशी गेला.

"दाजी," मेहुणा कुजबुजत होता. रेकॉर्डिंगच्या फोनवरचे महोदय आता कुठे उरले नव्हते. "दाजी, इथे माझ्या मागे चार माणसं उभी आहेत. मी बाथरूममधून बोलतोय. मला तोडू देत नाहीत."

"अरे, पण आकडा बघितलास का?"

"बघितलाय म्हणूनच फोन केला. अजून थोडं उतरलं तर सगळंच जाईल. हॉस्पिटलं, पाणी, सगळं. मला कळतंय दाजी, पण मी तोडलं तर उद्या माझी नोकरी नाही. तुम्हाला कोणी काढू शकत नाही. तुम्ही तोडा."

"मलाही काढतील रे."

"नाही काढू शकत. कायद्यात लिहिलंय. तुम्हीच तर लग्न ठरताना अण्णांना सांगितलंत." मग एकदम त्याचा आवाज बारीक झाला. "दाजी, कोणीतरी आलं. तोडा."

फोन बंद झाला. न्यूट्रलने कूलरमधून एक ग्लास पाणी घेतलं, गटागट प्यायलं, आत आला, आकडा रेषेखाली गेलेला पाहिला आणि बटणावर क्लिक केलं. पडद्यावर प्रश्न आला: खात्री आहे का? आयुष्यात कशाचीच खात्री नसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे थट्टाच होती. त्याने "होय" दाबलं.

आकडा थांबला. डोळ्यांदेखत तो हळूहळू वर सरकू लागला. खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग कोणीतरी विचारलं, "तार कुठली गेली?"

गेली ती शहराचा दक्षिण भाग पोसणारी तार. कोणती तार आधी तोडायची याचा क्रम मंडळानेच ठरवून ठेवला होता. तो ठरवायच्या बैठकीत न्यूट्रलने छाती काढून सांगितलं होतं की माझा स्वतःचा भाग पहिला घाला, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हे बटण कधी दाबलं जाणार नाही याची तेव्हा त्याला इतकी खात्री होती की त्याग करायला काहीच अवघड गेलं नव्हतं. आता त्या भागात त्याचं घर होतं, सासरचं घर होतं, आणि बायकोची बेकरी होती.

मोबाइल पुन्हा थरथरला.

"अहो, लाइट गेली. ओव्हनमध्ये सगळे पाव आहेत. कधी येणार?"

"मला सांगता येणार नाही."

"अहो, तुम्ही तिथेच तर बसलाय ना?"

"म्हणूनच सांगता येणार नाही."

तिने सावकाश विचारलं, "तुम्ही घालवलीत?"

"मंडळाने घालवली."

"मंडळाला सांगा, रात्री जेवायला पावच आहेत. बसलेले."

राज्याने तासाभरात नाइलाजाने दुसरीकडचा भार कमी केला आणि तार पुन्हा जोडली गेली. संध्याकाळी न्यूट्रल घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर दगडासारख्या पावांची रास होती. अण्णा खिडकीपाशी बसले होते.

"लाइट आणायला मी आयुष्यभर खांबांवर चढलो," ते म्हणाले. "तुम्ही बसल्या जागी घालवलीत."

न्यूट्रलने पाव तोडायचा प्रयत्न केला. तो तुटला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच गर्दी झाली. राज्य सरकारने म्हटलं, हा संघराज्यावर घाला आहे. केंद्राने म्हटलं, मंडळ पूर्णपणे स्वायत्त आहे, आमचा काही संबंध नाही. आणि त्याच दिवशी, आम्हाला न विचारता तार का तोडली, असा खुलासाही मागवला. ज्या मंडळाचं नाव कोणाला धड घेता येत नव्हतं त्याच्या फाटकावर घोषणा चालू झाल्या. निम्म्या घोषणा मंडळ बरखास्त करा अशा होत्या, निम्म्या मंडळाला जास्त अधिकार द्या अशा. दोन्ही मोर्चांना बंदोबस्त एकाच हवालदाराचा. कोपऱ्यावरचा दुकानदार न्यूट्रलला पाहिलं की हात जोडायचा. "साहेब, आज घालवणार आहात का? आधी सांगा. फ्रीजमध्ये आइस्क्रीम आहे."

पण खरी चिंता मेहुण्याची होती. आपल्या राज्याची तार तुटू कशी दिली, म्हणून राज्याने त्याची चौकशी लावली. त्याने घरी येणं बंद केलं. बायकोने भावासाठी बाजूला काढलेला डबा रोज तसाच परत फ्रीजमध्ये जाताना न्यूट्रल पाहत होता.

मग केंद्र आणि राज्य, दोघांनी मिळून एक आयोग नेमला. त्या वर्षात दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. आयोगावर निवृत्त न्यायमूर्ती बाई होत्या. बारीक चणीच्या, चष्मा साखळीला लावलेला. आधी साहेबांची साक्ष झाली. "मी त्यांना 'कर' असं स्पष्ट शब्दांत सांगितलं," साहेब शपथेवर म्हणाले. दाढेची जागा अजून सुजलेली होती, त्यामुळे ते फार शूर दिसत होते.

मग न्यूट्रलला बोलावलं आणि त्या दुपारचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सूचनेपर्यंत सगळं महोदय-महोदय, अगदी आदर्श. साहेबांचं "काऽऽ"ही वाजलं, ते ज्याने त्याने हवं तसं ऐकलं. पण साहेबांशी बोलून झाल्यावर न्यूट्रलने रिसीव्हर नीट ठेवलाच नव्हता. भरल्या सभागृहात त्याचा स्वतःचाच आवाज घुमला: "आता काय करू? आता काय करू रे देवा? साहेबांना दाढ आजच काढायची होती का? आई गं. आता काय करू?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. तिथे गोळ्या खाणारी ती दोघंही बसली होती, आणि निवडणूक कार्यालयातल्या बाईंनी तोंडाला पदर लावला होता.

राज्याचे वकील उठले. "हाच का मंडळाचा तो ठाम आणि स्वतंत्र निर्णय?"

रेकॉर्डिंगमध्ये पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, मग नुसती एसीची घरघर. मग दार, खुर्ची आणि बटणाची टिचकी.

"तुम्ही मधेच बाहेर गेलात," न्यायमूर्ती म्हणाल्या. "जाताना 'आता काय करू' म्हणत होता. आलात आणि तार तोडलीत. बाहेर काय झालं?"

समोर डाव्या बाजूला मेहुणा बसला होता. मान खाली, गालांची हाडं वर आलेली. त्याच्या शेजारी त्याचे वरिष्ठ. राज्याच्याच माणसाने तोडा म्हणून सांगितलं, हे एक वाक्य न्यूट्रलने उच्चारलं असतं तर तो तिथल्या तिथे सुटला असता, आणि मेहुण्याला त्याच्या खात्याने जिवंत सोडलं नसतं.

"पाणी प्यायलो," न्यूट्रल म्हणाला.

"पाणी?"

"हो. कूलरचं."

"आणि पाणी पिऊन निर्णय झाला?"

"हो. निर्णय माझा होता."

आता हशा आवरेना. वकिलांनी संधी साधली. "महोदया, हे हास्यास्पद आहे. बाहेर ते कोणाशी बोलले का, हे विचारलं गेलं पाहिजे."

विचारलं तर न्यूट्रलला खरं सांगावं लागणार होतं. खोटं बोलण्यात तो इतका कच्चा होता की बायकोच्या वाढदिवसाची भेटसुद्धा त्याला कधी लपवता आली नव्हती. न्यायमूर्तींनी चष्मा काढला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग सावकाश मेहुण्याच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं.

"तीन सूचना दिल्या होत्या का, आणि आकडा रेषेखाली गेला होता का, एवढंच कायदा विचारतो," त्या म्हणाल्या. "साक्षीदार त्या आधी कोणाशी बोलले आणि काय प्यायले, याच्याशी मला कर्तव्य नाही. पुढचा साक्षीदार बोलवा."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला: पाणी प्यायले आणि वीज तोडली. खाली न्यूट्रलचा फोटो, तोंड उघडं.

साक्षीच्या दिवशी आयोगातून बाहेर पडल्यावर वाहनतळावर मेहुण्याने त्याला गाठलं होतं. डोळे भरलेले. "दाजी, सांगून टाकायचं होतंत. तुमचं हसं झालं."

"काय सांगायचं होतं? मंडळाची स्वायत्तता मेहुण्याच्या फोनवर चालते? त्यापेक्षा पाण्यावर चालते हे बरं. आणि माझं हसं काही नवं नाही रे, फक्त आज माणसं जास्त होती."

"मी घाबरलो होतो."

"मी नव्हतो का? सगळ्या सभागृहाने ऐकलं की."

मेहुणा हसला, आणि हसता हसता रडायलाच लागला. न्यूट्रलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघे एकाच स्कूटरवर घरी आले. साक्षीची बातमी टीव्हीवर पाहिलेल्या बायकोने दार उघडलं, भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि डबा गरम करायला ठेवला. रात्री झोपताना तिने एवढंच म्हटलं, "कूलरपाशी फोन त्याचाच होता ना?" न्यूट्रलने कूस बदलली. ते उत्तर तिला पुरलं.

साहेबांची गोष्टही एकदा कळली. बंद लिफ्टच्या शेजारून जिना चढता चढता न्यूट्रलने धीर करून विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुम्ही खरंच काय म्हणाला होतात?"

साहेब दम खायला थांबले. "कापूस," ते म्हणाले. "कापूस काढा, असं डॉक्टरला सांगत होतो. तू फोनवर आहेस हे मला नंतर कळलं."

आयोगाचा अहवाल आला. मंडळाची कृती कायद्याला धरून होती. आणीबाणीच्या वेळी केंद्राने किंवा राज्याने कंट्रोल रूमला फोन करू नयेत, असंही त्यात सुनावलं होतं. सगळ्यात शेवटी एक शिफारस होती की कंट्रोल रूममध्येच पिण्याच्या पाण्याची सोय करावी. बाकीच्या शिफारशींवर दोन्ही सरकारांचा विचार चालू राहिला. पाण्याची सोय आठवड्याच्या आत झाली. मेहुण्याची चौकशी गुंडाळली गेली. न्यूट्रलला बढती मिळाली नाही, पण शिक्षाही झाली नाही. दोन्ही बाजूंना तो दुसऱ्या बाजूचा माणूस वाटत होता, त्यामुळे त्याला हात कोणी लावायचा हे ठरलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं, असं न्यूट्रल सांगतो. पण पुढच्या वर्षी मंडळाने राज्यांकडून काही अनुभवी माणसं उसनी मागवली, ठरावीक काळासाठी. मेहुण्याने अर्ज केला. तो हुशार होता, मुलाखतीत त्याचं त-त-प-प झालं नाही, आणि त्याला मंडळात घेतलं. न्यूट्रलपेक्षा एक पायरी वर.

"म्हणजे आता मी त्याला सर म्हणायचं?" न्यूट्रलने घरी विचारलं.

"फक्त ऑफिसात," बायको म्हणाली, आणि इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. अण्णांनी मुलाला जवळ बोलावून विचारलं की त्याचा पगार आता कोण देणार. उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. घरातला दुसरा माणूसही मधे गेला होता.

मेहुण्याची ती पहिलीच शिफ्ट. दुपारी आकडा थोडा उतरला. रेकॉर्डिंगच्या फोनवर त्याने आपल्या जुन्या खात्याला सूचना दिली, आणि पलीकडून त्याचा जुना सहकारी खेकसला, "अरे, तू आमचा ना? आठवडा नाही झाला तिकडे जाऊन, आणि केंद्राची भाषा बोलायला लागलास?"

मेहुण्याचा चेहरा उतरला. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि शेजारी बसलेल्या न्यूट्रलकडे वळून हळूच विचारलं, "दाजी, याला काय सांगू?"

"काही सांगू नका, सर," न्यूट्रल म्हणाला. "आकडा वाचून दाखवा."

मेहुण्याने आकडा वाचून दाखवला. पलीकडचा बडबडत राहिला. याने पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा पलीकडे नोंद घेतली गेली, आणि थोड्या वेळाने भार कमीही झाला. न्यूट्रलने कोपऱ्यातल्या नव्या पिंपातून दोन ग्लास पाणी आणलं, एक साहेबांच्या, म्हणजे मेहुण्याच्या, टेबलावर ठेवला आणि दुसरा घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसला. शिफ्ट संपायला अजून बराच वेळ होता, आणि बायकोने येताना खमीर आणायला सांगितलं होतं.